न दिलेलं अनुमोदन

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टाळेबंदीचा विषय निघतो. कोणी घरच्या घरी केस कसे कापले ते सांगतो, कोणी भाजीची पिशवी दोरीने वर कशी ओढली ते सांगतो, आणि मी घड्याळ बघून उठतो. मुलीने एकदा सरळ विचारलं होतं, "बाबा, तुमचं आणि खालच्या काकांचं नेमकं काय बिनसलं?" मी म्हणालो, "काही नाही गं, वय झालं की माणसं कमी बोलतात." तेही खोटंच होतं. आता ज्याचं नुकसान झालं तो माणूस राहिलेला नाही. निदान नोंद तरी खरी असावी म्हणून लिहितो आहे.

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव आहे. त्याच्याखाली अनुमोदक म्हणून माझ्या मित्राचं नाव आहे. त्याने ते अनुमोदन दिलेलं नव्हतं. ते नाव मी लिहिलं.

आमची इमारत दादर पश्चिमेची, चार मजली, अठ्ठावीस बिऱ्हाडांची. तो पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. आम्ही दोघेही लग्न झाल्या झाल्या एकाच महिन्यात इथे राहायला आलो. तो कोर्टात नोकरीला होता, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाला. मी एका विमा कंपनीत फायलींवर शेरे लिहिण्यात आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर सोसायटीचा सेक्रेटरी झालो, कारण हे काम दुसऱ्या कोणाला नको होतं आणि मला हवं होतं. माझं अक्षर चांगलं आहे. लोक म्हणायचे, "काका, तुमचं इतिवृत्त म्हणजे वाचत राहावं." मला ते आवडायचं.

इतिवृत्त कसं लिहिलं जातं हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे ठराव मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. प्रत्यक्ष सभेत यातलं काही होत नाही. पंधरा-वीस माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतात, पाण्याच्या टाकीवरून भांडतात, आणि शेवटी "मंजूर, मंजूर" म्हणत बटाटेवड्याकडे वळतात. सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे मी दुसऱ्या दिवशी घरी बसून भरायचो. कोणाला राग येऊ नये म्हणून नावं फिरवायचो. पुढच्या सभेत वाचून दाखवलं की ज्याचं नाव आलं त्याला बरंच वाटायचं. मी ठरावाला पाठिंबा दिलाच नव्हता, असं कधी कोणी म्हणालं नाही. दहा वर्षं असंच चाललं होतं.

मग टाळेबंदी आली. पहिले काही महिने सगळेच घरात होते, त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती. नंतर दुकानं उघडली, बस सुरू झाल्या, ऑफिसं थोडी थोडी भरू लागली. त्याच सुमाराला शेजारच्या इमारतीतले एक आजोबा गेले आणि ती इमारत सील झाली. आमचे चेअरमन तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. त्यांनी मला फोन केला.

"काका, सिनियर लोकांचं काहीतरी करा. ऐकत नाहीत ते. उद्या आपली बिल्डिंग सील झाली तर नोकरीवाल्यांनी काय करायचं?"

मी म्हणालो, "मीही सिनियरच आहे."

"तुम्ही कुठले सिनियर! तुम्ही सेक्रेटरी."

मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि हे ऐकून मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. त्याच दुपारी मी मसुदा केला. पासष्ट वर्षांवरील कोणीही समितीच्या लेखी परवानगीशिवाय गेटबाहेर जाऊ नये. सरकार त्या काळात वडीलधाऱ्यांना घरी राहायचा सल्ला देत होतं. आम्ही सल्ल्याचा नियम केला आणि गेटवरच्या वॉचमनच्या हातात दिला. समितीने तो मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये अंगठे दाखवून मंजूर केला. माझ्यासाठी मी वेगळं पत्र केलं, 'समितीच्या कामानिमित्त' म्हणून, आणि त्याच्यावर चेअरमनची सही घेतली. त्या पत्रावर मी बँकेत गेलो, पोस्टात गेलो आणि खोटं कशाला बोलू, माहीमला जाऊन पापलेटही आणले.

वहीत ठराव उतरवताना सूचक म्हणून चेअरमनचं नाव घातलं. अनुमोदकाच्या जागी थांबलो. आमच्या इमारतीत पासष्टच्या वरची अकरा माणसं होती. त्यांना वाटू नये की तरुणांनी आपल्यावर हे लादलं, म्हणून त्यांच्यातलंच एक नाव असावं, असं मनात आलं. ज्याला इमारतीत मान आहे, कायद्याचं कळतं, असं. मी मित्राचं नाव लिहिलं; तो समितीत नव्हता, पण तेवढं कोणी तपासत नसे. आजवर मी स्वतःला सांगत आलो की ते सवयीने झालं. तसं नव्हतं. मी विचार करून ते नाव निवडलं. त्याला विचारायला एक जिना उतरावा लागला असता.

नोटीस लागली तिच्यावर फक्त नियम होता, नावं नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. मास्क लावून, चार पायऱ्या खाली उभा.

"हे काय लावलंयस गेटवर?"

"समितीचा ठराव आहे."

"मला गिरगावात जायचंय. ताईकडे."

त्याची ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. लग्न केलेलं नव्हतं. खोताच्या वाडीजवळच्या एका चाळीत एका खोलीत एकटी राहायची. आईवडील लवकर गेले, याला तिनेच शिकवलं. तिला ऐकू जवळजवळ येत नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. टाळेबंदीआधी हा रविवार सोडून रोज बसने डबा घेऊन जायचा, तास-दोन तास बसायचा. दोघं कागदावर लिहून बोलायची. त्यासाठी हा कोर्टातल्यासारखे पाठकोरे कागद जमवून ठेवायचा. सगळं बंद होतं तेव्हा शेजारची बाई तिला दोन वेळचं द्यायची.

"जेवणाची सोय आहे ना तिची?" मी विचारलं.

"जेवणाची आहे. चार महिन्यांत तिच्याशी कोणी बोललेलं नाही."

"नियम सगळ्यांना सारखा आहे रे."

"सगळ्यांना कुठे? तिसऱ्या मजल्यावरचा दोन वेळा कुत्रा घेऊन जातो."

"तो चाळीसचा आहे."

"आणि कुत्रा? तो बारा वर्षांचा आहे. कुत्र्यांच्या हिशेबात आपल्यापेक्षा मोठा. त्याला सोडता, मला का नाही?"

मी हसलो. तोही हसला. मला वाटलं, मिटलं. तो खाली जाताना म्हणाला, "मी अर्ज देतो. रीतसर."

त्याने दिला. एक पान, स्वच्छ अक्षर. त्यातला काही भाग मला पाठ आहे. 'मला ताप नाही, खोकला नाही. माझ्याविरुद्ध फक्त माझी जन्मतारीख आहे. कोर्टात मी छत्तीस वर्षं होतो. तिथे माणसाला आत ठेवायचं तर आधी त्याला विचारतात, तुझं काय म्हणणं आहे. आम्हा अकरा जणांना कोणी विचारलं नाही. आपली काळजी मला समजते. पण घराबाहेर पडणं, आपल्या माणसाला भेटणं, हा माझा माणूस म्हणून हक्क आहे आणि तो पासष्टाव्या वाढदिवसाला संपत नाही. काळजी घ्यायची तर विचारून घ्यावी.' खाली लिहिलं होतं की समितीने विचार केला नाही तर तो सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे आणि गरज पडली तर मानवी हक्क आयोगाकडे जाईल.

समितीची मोबाइलवर व्हिडिओ सभा झाली. मी अर्ज वाचून दाखवला. एक बाई म्हणाल्या, "बरोबर आहे हो त्यांचं. एक दिवसाआड जाऊ द्यावं." दोघांनी मान हलवली. तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "एक मिनिट. हा ठराव पहिल्या मजल्यावरच्या काकांनीच सेकंड केलाय ना? तुम्ही मला पाठवलेला वहीचा फोटो मी बघितला. स्वतः अनुमोदन द्यायचं आणि मग आयोगाची धमकी?"

त्या बाईंनी मला विचारलं, "सेक्रेटरी, त्यांचंच नाव आहे ना?"

माझा आवाज बंद केलेला होता. तो सुरू करायला एक बटण दाबायचं होतं आणि ते दाबेपर्यंत मला वेळ होता. मी दाबलं आणि म्हणालो, "हो. नाव आहे त्यांचं." मग पुन्हा बंद केलं.

अर्ज फेटाळल्याचं उत्तर मीच लिहिलं. 'आपणच या ठरावास अनुमोदन दिले असल्याने.' तासाभरात त्याचा फोन आला.

"मी कधी दिलं अनुमोदन?"

"अरे, जिन्यात बोलताना तूच म्हणालास ना, आपण म्हाताऱ्यांनी जपायला हवं म्हणून."

"ते म्हणालो असेन. पण ठरावाला?"

"तेव्हाच विचारलं होतं मी. हो म्हणालास."

"हो म्हणालो," असं तो स्वतःशी पुटपुटला. मग म्हणाला, "मला कसं आठवत नाही?"

"होतं रे. आपल्या वयात होतं असं."

इतकी वर्षं मला जे गिळता आलं नाही ते हे वाक्य आहे. नियम, नाव, सभेतलं माझं "हो", या सगळ्याला मी काही ना काही कारण देऊ शकतो. हे वाक्य मी त्याच्या वयावर भिस्त ठेवून बोललो. चाळीस वर्षांचा माणूस असता तर त्याने मला शिवी दिली असती आणि वही घेऊन ये म्हणाला असता. माझ्या मित्राने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला.

त्याने ना उपनिबंधकांना लिहिलं, ना आयोगाला. मला म्हणाला, "अनुमोदक मीच, मग तक्रार कोणाविरुद्ध करू?" त्यानंतर तो सगळं एका वहीत लिहून ठेवायला लागला. दूधवाला आला, गोळी घेतली, गॅस बंद केला. त्याच्या मुलाने ती वही पाहिली आणि घाबरून त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वयोमानानुसार म्हणून काहीतरी गोळ्या दिल्या. मग सून त्याला गॅसजवळ जाऊ देईना, मुलाने कपाटाच्या किल्ल्या आपल्याकडे घेतल्या. दोघंही वाईट नव्हती, जपतच होती त्याला. मी हे सगळं एक मजला वरून पाहत होतो.

पुढे गिरगावातली ती शेजारीण गावाला निघून गेली. मित्राचा एक भाचा आहे, दुसऱ्या बहिणीचा मुलगा, डोंबिवलीला. ताईंचे कागदपत्र, औषधं तो बघायचा. त्याने मला फोन केला.

"काका, मामांना एकदा तरी सोडा ना. मावशी खात नाहीये. मामा मेला का, असं कागदावर लिहून विचारते. माझं ऐकत नाही."

मी त्याला म्हणालो की समितीपुढे ठेवतो. तो चिडला. "मामांना अडवणारे तुम्ही कोण?" मी ठरावाचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं, 'हा निर्णय मामांच्याच पाठिंब्याने झाला आहे.'

तो फोटो त्याने मावशीला दाखवला, हे मला फार नंतर कळलं. ती ऐकू शकत नव्हती, वाचू शकत होती. मोबाइल डोळ्यांजवळ धरून तिने माझं सुंदर अक्षर वाचलं असेल. आठवडाभरात भाच्याने तिला कर्जतच्या पुढे एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. एकट्याने तो तरी काय करणार होता? खोलीला कुलूप लागलं.

आमचा नियम कोणी रद्द केला नाही. हळूहळू वॉचमन विचारेनासा झाला, इतकंच. मित्राला मुलगा गाडीने कर्जतला घेऊन गेला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. परत आल्यावर दोन दिवसांनी तो मला जिन्यात भेटला. मीच विचारलं, "कशा आहेत ताई?"

तो कठड्याला धरून उभा होता. म्हणाला, "ओळखलं मला. कागद मागितला. लिहिलं, तू सही केलीस म्हणे, न येण्याची."

"मग?"

"मी लिहिलं, मला आठवत नाही."

मी तिथे उभा होतो. त्याच्या आणि माझ्या मध्ये तीन पायऱ्या होत्या.

"मग तिने कागद उलटा करून ठेवला," तो म्हणाला. "बाकी बरी आहे."

महिन्याभरात ताई गेल्या. त्यानंतर तो माझ्याशी भांडला नाही, अबोला धरला नाही. दिसला की "काय रे, बरं आहे ना" म्हणायचा. माझ्याकडे यायचा मात्र थांबला. मीही गेलो नाही. इमारतीत लोकांना वाटलं, दोन म्हातारे आहेत, जिना होत नसेल.

मला नंतर पुष्कळ संधी होत्या. वार्षिक सभेत उभं राहून दोन वाक्यं बोलता आली असती. वहीत दुरुस्तीचा ठराव घालता आला असता. विमा कंपनीत मी हजारो चुकीच्या नोंदी लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. दर वर्षी मी ठरवायचो आणि दर वर्षी सभेच्या दिवशी टाकीचा विषय निघायचा. दोन वर्षांपूर्वी समितीने नवा नियम केला की सत्तरच्या वरच्यांनी पदाधिकारी होऊ नये. आधार म्हणून माझाच जुना ठराव जोडला होता, 'ज्येष्ठांबाबतच्या यापूर्वीच्या धोरणास अनुसरून'. मला शाल-श्रीफळ दिलं. नव्या सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "काका, आता आराम करा." मी वाद घातला नाही. वही त्यांच्या ताब्यात गेली. आता दुरुस्ती करायची तर मला अर्ज द्यावा लागेल, आणि म्हाताऱ्याच्या अर्जाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. हृदय थकलं होतं. मी चार दिवस आंघोळीच्या वेळी, नळ सुरू ठेवून, काय बोलायचं ते म्हणून पाहिलं आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी खाली गेलो. त्याला हॉलमध्ये लोखंडी पलंगावर ठेवलं होतं. सांभाळायला ठेवलेली बाई त्याचा सदरा बदलत होती. "आजोबा, हात वर. शहाण्यासारखं करायचं हं."

तो मला म्हणाला, "ऐकलंस? शहाण्यासारखं."

ती आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली. म्हणालो, "एक बोलायचं होतं."

"बोल."

"टाळेबंदीतल्या त्या ठरावाबद्दल." पण तोंडातून जे आलं ते असं आलं, "तुला जो मनस्ताप झाला, त्याबद्दल सोसायटीच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त करतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे पूर्वीसारखेच होते, फिर्यादीतली चूक शोधणारे.

"तू तर आता सेक्रेटरीसुद्धा नाहीस."

"नाही."

"मग कोणाच्या वतीने आलायस?"

आत कुकरची शिट्टी झाली. मी खाली बघितलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, खरंच पाहिली, आणि मग डोळे मिटून म्हणाला, "बरं. सोसायटीला सांग, पोचलं."

मी आणखी पाच मिनिटं बसलो आणि वर आलो. नवव्या दिवशी तो गेला.

माझ्याच वतीने आलो होतो रे. तुझं नाव मी लिहिलं. जिन्यात नाही, फोनवर नाही, कुठेच मी तुला विचारलं नव्हतं, तर तुला आठवणार काय? तुझ्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नव्हतं. ताईंना हे मी जाऊन सांगायला हवं होतं, त्यांना वाचता येत होतं. मला माफ कर.